ओट्यावरची हरकत

“हरकत?” मुलाणी जमादारांनी पहिल्यांदा विचारलं.

चावडीच्या ओट्यावर झुंबर मोरे उभा होता. डोकं उघडं, टोपी हातात, रिवाजाप्रमाणे. खाली चौकात सगळं गाव जमलेलं. मी नगराध्यक्ष म्हणून एका बाजूला खुर्चीवर बसले होते आणि माझ्या शेजारी मंत्रालयातून आलेले तळवलकर साहेब. मी मनाशी म्हटलं, आता बघा साहेब, आमचं गाव कसं बोलतं ते. कारण झुंबर माणूस म्हणून चांगला, पण झोपेला इतका पक्का की स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना उभ्या उभ्या डुलकी काढली होती. भटजींनी अक्षता डोळ्यांवर मारून जागा केला. अशा माणसाला रात्रीच्या पहाऱ्यावर घ्यायला गाव हरकत घेणार नाही, तर कोण घेणार?

“हरकत?” दुसऱ्यांदा.

गाव गप्प.

“हरकत?” तिसऱ्यांदा विचारताना जमादारांनी मान पुढं काढून लोकांकडं पाहिलं. कुणी चपलेकडं बघत होतं, कुणी पिंपळाकडं. शेवटी जमादारांनाच ओरडावं लागलं, “हरकत नाही!” आणि झुंबर मोरे आमच्या गावाचा पोलीस म्हणून निवडला गेला. त्याला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं.

आमची वाघेरी घाटमाथ्यावर. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत इथं असं धुकं असतं की हात पुढं धरला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. सरकारी चौकी आहे, पण ती गुन्ह्यांसाठी. रात्रीची गस्त, बाजारपेठेचा पहारा, कड्याच्या टोकावर पाहुण्यांना अडवणं, हे सगळं नगरपालिकेचे गावपोलीस करतात. त्यांची निवड पूर्वापार ओट्यावर व्हायची. उमेदवारानं उघड्या डोक्यानं उभं राहायचं, जमादारानं तीनदा हरकत विचारायची आणि ज्याला जे माहीत असेल त्यानं ते सगळ्यांसमोर बोलायचं. उमेदवारानं उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर ठीक, नाही पटलं तर त्यानं “हरकत मान्य” म्हणून खाली उतरायचं. आणि ओट्यावरचं ओट्यावर. घरी जाताना तो राग कुणी बरोबर न्यायचा नाही.

मग सरकारचा हुकूम आला की यापुढं ही भरती राज्याच्या सेवा नियमांनी होईल. लेखी पेपर, उंची, छाती, सगळं रीतसर. तशी पोरं आली. वाईट नव्हती बिचारी, पण सपाटीवरची. एकानं धुक्यात आमच्या दोन नगरसेवकांना चोर म्हणून धरलं आणि त्याच रात्री खऱ्या चोराला एसटी स्टँडचा रस्ता दाखवून रामराम केला. दिवाळीच्या आत सगळ्यांनी बदल्या मागितल्या. तेव्हापासून मी मागं लागले होते, आमच्या गावाला या नियमांतून सूट द्या. मंत्रालयाच्या खेपा घालून चपला झिजल्या. शेवटी तळवलकर साहेब म्हणाले, “बाई, नियम कशासाठी असतात? वशिला चालू नये म्हणून. तुमच्या ओट्यावर वशिला चालत नाही, याचा पुरावा काय?”

मी म्हटलं, “येऊन डोळ्यांनी बघा.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि माणूस खरंच आला, या एका ओट्यापुरती परवानगी घेऊन.

सूट मिळाली तर ओटा राहणार होता. नाही मिळाली तर कायमचा बंद. हे सगळ्या गावाला माहीत होतं. यात माझ्या घरचा जीवही अडकला होता, हेही माहीत होतं. माझा दीर सर्जेराव त्या दिवशी ओट्यावर चढणार होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो पोरगा नाकातला शेंबूड बाहीला पुसत हिंडत होता. सासूबाई तेव्हापासूनच गुडघ्यांनी अधू, त्यामुळं त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं माझ्याकडं. मला पोरंबाळं नाहीत. लोक त्याला माझा दीर म्हणायचे, मी मनात काय म्हणायची ते मला ठाऊक. पोलीस व्हायचं वेड त्याला लहानपणापासून. सरकारी भरतीत पेपर पहिल्या नंबरानं सोडवायचा आणि उंचीच्या पट्टीखाली बोटभर कमी पडून परत यायचा. दोनदा असा आला, आणि ओट्यावर चढायचं मनावर घेतलं तोवर ओटाच थांबला. वरून म्हणायचा, “वहिनी, तू मला भाकरी वाढलीस, उंची वाढवायची विसरलीस.” धुक्यात नुसत्या खोकल्यावरून तो माणूस ओळखायचा. ओट्याला उंचीची अट नव्हती, पण वयाची होती. तिशी ओलांडली की ओटा बंद, आणि त्याला मार्गशीर्षात तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे त्याच्यासाठी हाच ओटा, आणि हाच शेवटचा.

झुंबरनंतर बाळू सपकाळ चढला. बाळूचं आणि लक्ष्मण कुंभाराचं कुंपणावरून रोज सकाळी भांडण. एकदा बाळूनं त्याची मडकी फोडलेली सगळ्या आळीनं पाहिलेली. आता लक्ष्मण उठणार म्हणून मी सावरून बसले. तर लक्ष्मण आभाळाकडं बघत उभा, जसा काही त्यानं जन्मात ढग पाहिला नव्हता.

“हरकत नाही!”

मला राहवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठले आणि माठापाशी बसलेल्या गोदाक्काला गाठलं. गोदाक्का बाजारात भाजी विकायची. साऱ्या पेठेत तिच्या जिभेला धार होती आणि ती जीभ सकाळपासून म्यानात.

“काय झालंय गं गावाला?” मी कुजबुजले.

“कुठं काय? समदं बेस चाललंय की.”

“झुंबऱ्या निवडला गेला, आक्का!”

“आगं, काल देवळात ठरलंय. पाव्हण्यासमोर कुणी कुणाचं उणं काढायचं न्हाई. गावाची अब्रू हाय का न्हाई? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मी कपाळावर हात मारला. “अगं, आपण तोंडावर उणं काढतो का, हेच तर बघायला आलेत ते!”

गोदाक्कानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. “मग हे आदी सांगायचंस,” ती म्हणाली. “आमी आपलं पाव्हणा म्हणून जपत बसलोय.”

पण आता सांगायचं कुणाला आणि कसं? साहेब माझ्याकडंच बघत होते. खुर्चीवरून उठून मी लोकांना ‘बोला रे बोला’ म्हणाले असते, तर तोही माझाच हुकूम झाला असता. मी परत जाऊन बसले.

“सर्जेराव केशव ढेबे!” जमादारांनी नाव पुकारलं.

सर्जेराव चढला. टोपी काढून हातात घेतली. स्वच्छ धुतलेला सदरा, मीच इस्त्री केलेला.

“ढेबे?” साहेब माझ्याकडं वळले. “आपले कोण?”

“दीर.”

“असं,” ते म्हणाले.

“हरकत?”

कुणी खोकलंसुद्धा नाही.

“हरकत?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते माझ्याशी वाईट बोलले नाहीत. उलट घरच्या माणसाला समजवावं तसं म्हणाले, “बाई, मी समजू शकतो. गाव तुम्हाला घाबरतं. यात तुमचा दोष नाही, खुर्चीपुढं माणसं अशीच होतात. म्हणून तर नियम लागतात.”

ते हळूच बोलले होते. पण सगळा चौक गप्प असल्यावर हळू बोललेलंही ऐकू जातं. पहिल्या रांगेत चुळबूळ झाली.

“काय म्हणलं सायब?”

“आपण घाबरतो म्हणत्यात.”

“कुणाला?”

“शालनवहिनीला.”

हे वाक्य मागं मागं सरकत गेलं आणि पार पिंपळाच्या पारापर्यंत पोचलं. माठापाशी कुणीतरी जोरात हसलं. गोदाक्का पदर कमरेला खोचत उठली.

“हिला? हिला घाबरतो आमी?” ती म्हणाली. “जमादार, हरकत हाय!”

“सर्जेरावावर?” जमादारांनी विचारलं.

“त्याच्यावर न्हाई. हिच्यावर!” तिनं थेट माझ्याकडं बोट केलं.

“गोदाक्का, अध्यक्षबाई ओट्यावर नाहीत.”

“मग चढीव तिला!”

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. सबंध गावानं पाहिलं. मी उठले, ओट्याच्या पायऱ्या चढले आणि सर्जेरावाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रिवाज डोकं उघडं असण्याचा होता. सून म्हणून या गावात आल्यापासून थोरांसमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. मी तो खांद्यावर घेतला. चौकातल्या म्हाताऱ्या माणसांनी नजरा खाली घातल्या, पण कुणी ‘नको’ म्हटलं नाही.

“बोल आक्का,” मी म्हटलं.

“बाजारातला नळ,” गोदाक्का म्हणाली. “चैतात नारळ फोडलास, फोटू काढलास. पानी कुटं हाय?”

“पाइप आलाय, जोडणारा यायचाय. आठ दिवसांत…”

“मागल्या येळंलाबी आठ दिवस म्हणली हुतीस.”

म्हणाले होते खरी.

मग लक्ष्मण कुंभार पुढं आला. आभाळात बघून बघून त्याची मान अवघडली असावी. “रस्त्यावरचा दिवा तुझ्या गिरणीपुढं लागला, कुंभारवाड्यात का न्हाई लागला?”

“गिरणीपुढं खांब आधीपासून होता, लक्ष्मणभावजी.”

“खांब हुता. दिवा तू आल्यावर लागला.”

तेही खरं होतं. “पुढचा दिवा कुंभारवाड्यात,” मी म्हटलं.

“समद्यांनी ऐकलंय बरं का,” लक्ष्मण मागं वळून म्हणाला.

मग धरणच फुटलं. शाळेतले कारंडे मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “अध्यक्षबाई सभेत दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नाहीत. एखादा मुद्दा मांडायला घेतला की…”

“असं काही नाही, मास्तर, मी फक्त…” मी म्हणाले आणि अख्खा चौक खदखदून हसला. सर्जेरावही हसला, मेला. मीच वाक्य तोडलं होतं. मास्तरांनी पुढं काही बोलायची गरज उरली नाही.

कुणी म्हणालं, तुझ्या नवऱ्याच्या गिरणीत पीठ जाड येतं. गर्दीतून आमचे हे ओरडले, “जातं नवीन टाकलंय परवाच!” जमादारांनी पीठ नगरपालिकेच्या कक्षेत येत नाही म्हणून ती हरकत फेटाळली, आणि मग घसा साफ करून स्वतःच म्हणाले, “अध्यक्षबाई, माझीपण एक आहे. दोन पावसाळे झाले, गस्तीच्या माणसांना बूट नाहीत. मी तीनदा मागितले. तुम्ही तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलंत.”

“आणि झुंबऱ्याला कोण घेतंय रं पहाऱ्याला?” मागून कुणीतरी ओरडलं.

“मी तरी कुटं म्हनतोय घ्या म्हनून!” झुंबर तिथूनच म्हणाला. “बायकोनं ढकललाय मला. हरकत मान्य, हरकत मान्य!” आणि सुटलो एकदाचा म्हणून त्यानं टोपी डोक्यावर घातली. लक्ष्मणानं बाळूची मडकी काढली. बाळूनं भरपाई कबूल केली, हात जोडले, तेव्हा कुठं लक्ष्मण म्हणाला, “आता हरकत न्हाई. रात्री जागा राहील गडी, भांडायला तरी.”

मी ओट्यावर उभी होते. उघड्या डोक्यावर ऊन लागत होतं आणि गाव माझी धुणी चव्हाट्यावर धूत होतं. एकाचीही जीभ अडखळत नव्हती. खरं सांगते, ज्या दिवशी निवडून आले, गुलाल उधळला, हत्तीवरून नाही तरी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली, त्या दिवशीसुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता. ही माझी माणसं होती. कुणाच्या बापाला भीत नव्हती.

तळवलकर साहेब कधी उभे राहिले होते ते मला कळलं नाही. त्यांनी हात वर केला तसा गलका थांबला.

“आणि हा मुलगा?” ते म्हणाले. “त्याचं काय? त्याच्यावर खरंच कुणाची हरकत नाही?”

“त्याच्यावर काय हरकत घ्यायची सायब?” बाळूची आई म्हणाली. “माझी सासू धुक्यात वाट चुकून कड्याकडं गेलती. ह्यानं तिला नुसत्या काठीच्या आवाजावर हुडकली.”

“पोरगं सोनं हाय,” दुसरं कुणी म्हणालं. लोक माना डोलवू लागले. मला वाटलं, झालं. सूटही मिळाली आणि माझ्या पोरालाही टोपी मिळाली.

“म्या बोलते,” गोदाक्का म्हणाली.

तिचा आवाज आता भाजीवालीचा नव्हता. ती ओट्याच्या पायथ्याशी आली.

“पोरावर माजी हरकत न्हाई. पर आजच्या दिवसावर हाय. वहिनी खुर्चीत बसलीया तवर दीर ओट्यावर नगं. आज ह्यो गुणाचा हाय म्हणून चालंल. उद्या खुर्चीत दुसरं कुणी यील. त्याचा मेव्हणा झुंबऱ्यासारखा असंल. तवा तो म्हणंल, ढेब्यांचा चालला की, मग माजा का न्हाई? तवा आमी काय सांगायचं?”

मी सर्जेरावाच्या आणखी जवळ सरकले.

“आक्का, त्याचं वय…” मी म्हणाले.

“ठावं हाय मला. म्या अंगाखांद्यावर खेळवलंय त्याला.” तिचे डोळे भरले होते, पण ती मागं सरली नाही. “उत्तर दे शालन. उत्तर पटलं तर म्या गप बसते.”

मी साहेबांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते. सर्जेराव समोर कुठंतरी बघत होता. दोनदा पट्टीखाली उभं राहून परत आलेला पोरगा. मग मला एक उत्तर सुचलं.

“खुर्चीच आड येतेय ना? मग मी खुर्ची सोडते. आत्ता, इथंच. जमादार, लिहा…”

“जमादार,” सर्जेराव म्हणाला, “हरकत मान्य.”

“सर्जा!”

“वहिनी, तू खुर्ची सोडलीस तर आक्काच्या नळाला पाणी कोण आणणार?” तो हसत म्हणाला. “आणि आक्का बरोबर बोलतेय. तुलाही ठाऊक आहे.”

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, नीट, जशी पहाऱ्याला निघताना ठेवतात तशी, आणि पायऱ्या उतरून माणसांत जाऊन उभा राहिला. गोदाक्का गर्दी कापत त्याच्याकडं गेली. त्याच्या गालांवरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग मात्र तिला रडू आवरलं नाही. मी ओट्यावर एकटी उरले, आणि पदर परत डोक्यावर घ्यायचंही मला सुचलं नाही.

साहेब निघाले तेव्हा मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, “मी नोकरीत इतकी वर्षं काढली, बाई. वशिला रोखणारे नियम मीच लिहिले, आणि त्यांतून वाटा काढणारेही मीच पाहिले.” गाडीचं दार उघडून ते थांबले. “तुमचं वाईट वाटलं.”

“मलाही वाटलं,” मी म्हटलं. “पण तुम्ही अहवालात ते लिहू नका.”

पुढचा पाऊस लागायच्या आत सूट मिळाली. वाघेरीच्या गावपोलिसांची निवड आजही ओट्यावर होते. आणि तेव्हापासून खुर्चीवरच्या माणसाच्या घरचं कुणीही ओट्यावर चढत नाही. तो नियम कुठं छापलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती झालेली नाही. बाजारातल्या नळाला पाणी आलं, आठ दिवसांत नाही, पण आलं. सर्जेराव गिरणी बघू लागला. पीठ बारीक येऊ लागलं. अजूनही धुक्यात कुणी हरवलं की लोक आधी चौकीत जात नाहीत, आमच्या दारात येतात, आणि तो कंदील घेऊन उठतो. त्याला कुणी पगार देत नाही, टोपीही देत नाही.

त्या दुपारी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा सासूबाई पडवीत वाट बघत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळं त्यांना चावडीपर्यंत येता आलं नव्हतं. देवापुढं दिवा लावलेला, वाटीत साखर काढून ठेवलेली. मी त्यांच्याकडं न बघता आत गेले आणि चुलीपुढं पाठमोरी बसले.

“झाली का रं निवड?” त्यांनी विचारलं.

“माझी नाही झाली, आई,” सर्जेराव चपला काढत म्हणाला. “वहिनीची झाली.”

“हिची? ही तर कवाच निवडून आलीया.”

“तेव्हा नुसती मतं पडली होती,” तो म्हणाला. त्यानं वाटीतली साखर चिमटीत घेतली, आत आला आणि माझ्या तळहातावर ठेवली.